उधारीची वही

दुकान विकलं. साखर पेठेतलं, बोळाच्या तोंडाचं.
घेणारा मोबाईलची कव्हरं विकणार आहे,
त्याला सोमवारपर्यंत रिकामं हवंय.
म्हणून मी शिडीवर, नाकाला रुमाल बांधून,
खाली सून, पोत्याचं तोंड उघडं धरून.

सगळ्यात वरच्या फळीवर आजोबांचा काळ.
दातदुखीचे थेंब : बाटलीवर हसरं पोर, आत कोकेन.
खोकल्याचं मिक्श्चर : आत अफूचा अर्क,
लेबलावर, 'लहानथोर सर्वांस उपयुक्त,
दर तीन तासांनी एक चमचा.'
सून म्हणते, आप्पा, यातल्या निम्म्यावर
आज जामीनसुद्धा मिळणार नाही.
ती औषधशास्त्र शिकलीय.
मी नुसताच औषधांत वाढलो.

मग खोक्याखाली वही सापडली.
लाल कापडी पुठ्ठा, कडा कसरीनं खाल्लेल्या,
अर्धी मोडी, अर्धी बाळबोध,
ज्या क्षणी हाताला जी येईल ती.

'यल्लव्वा, विडीवाली : सुंठ, अर्धा आणा.
मेहबूब जॉबर : पोटाचे थेंब.
नरसम्मा, वाइंडिंग खाते : बाळगोळी सहा. उधार.'

बाळगोळी मोहरीएवढी.
नखावर घ्यायची, दुधाच्या थेंबात घोळायची,
पहिल्या भोंग्याआधी जिभेखाली.
मग पोर झोळीत,
दुपारच्या भोंग्यापर्यंत हूं की चूं नाही.
आळीतल्या बाया म्हणायच्या, गुणाचं लेकरू.
गुण लेकराचा की गोळीचा,
कुणी विचारलं नाही.

वडिलांच्या वेळी गिऱ्हाईक त्याच घरांतलं,
तक्रार उलटी.
पूर्व भागात यंत्रमाग रात्रभर चालायचे,
डुलकी लागली की बोट जायचं.
म्हणून जागायच्या गोळ्या, चारची पुडी.
त्याच गोळ्या मार्चमध्ये कॉलेजच्या पोरांना,
त्याच, वजन उतरवायला,
लग्न ठरलेल्या मुलींना.
आजोबांनी झोप विकली, वडिलांनी जाग.
'बसलिंगप्पा अँड सन' पाटीखाली
दोघंही पेठेचे देवमाणूस.

मी रजिस्टर ठेवलं. शाई न पुसता.
लाल रेघेची पट्टी चिठ्ठीशिवाय दिली नाही,
बहुतेक वेळा.
कधीच न खोकता खोकल्याची बाटली मागणारी पोरं
मला चपलांच्या आवाजावरून कळतात.
एकाला मी दिली होती, एकदा.
त्याचा बाप माझ्या वर्गात होता.

नरसम्मा दर शनिवारी आहे.
सहा. सहा. सहा.
श्रावणात नऊ,
शेजारी बारीक अक्षरात, 'दात येतात.'
पुढच्या पानावर गोळ्यांचा आकडाच नाही.
फक्त, 'नरसम्मा. पाप झोपले. बाकी माफ.'
आणि त्याखाली आडवी रेघ,
इतकी दाबून ओढलेली
की मागच्या पानावर सुंठीचा हिशेब फाटलाय.

मी शिडीवर तसाच बसलो.
आजोबांनी कबुली दिली, असं वाटलं मला,
देवाला नाही, उधारीच्या वहीला.
बरंही वाटलं थोडं, खोटं कशाला बोलू.

समोरचे टॉवेलवाले अंबय्या गड्डम
शटरचं माप घ्यायला म्हणून आले होते.
त्यांना वाचून दाखवलं.
ते टेपचं टोक धरून गप्प राहिले.
म्हणाले, आप्पा, आमच्यात पाप म्हणजे बाळ.
तान्ही मुलगी.
माझी आजी मला शेवटपर्यंत तसंच म्हणायची माझ्या बहिणीबद्दल,
पाप जेवली का, पाप आली का.

म्हणजे कबुली नव्हतीच.
बाईनं सांगितलं, आजोबांनी उतरवून घेतलं,
जसं सुंठ, जसं थेंब.

पण आजोबांना तेलुगू येत होतं.
अर्ध्या गिऱ्हाइकांशी ते त्यातच बोलत,
भांडतसुद्धा.
शब्द त्यांना माहीत होता.
दोन्ही शब्द माहीत होते.

आप्पा, टाकू का, सून विचारते.
तिचे हात भरून आलेत.